दुधनीचा उतार

माघ लागला की आमच्या शाळेच्या आवारातल्या सागांची पानं गळायला लागतात. ताटाएवढी पानं. सुटतात तेव्हा हवेत एकदा वळतात आणि जमिनीवर पडताना कोणीतरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. मधल्या सुट्टीत मुलं मुद्दाम त्या ढिगांवर उड्या मारतात. मी वर्गाच्या दारात उभी राहून बघते आणि माझे तळहात ओले होतात. खडू हातात असला तर त्याचा चिखल होतो.

ह्या दिवसांत सिल्वासा फार सुंदर दिसतं, असं बाहेरून येणारे सगळे म्हणतात. खरंच दिसतं. थंडी निघून चाललेली असते, पण दुपार अजून तापलेली नसते. भात कधीच घरी गेलेलं असतं आणि मोकळ्या शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या असतात. खानवेलच्या बाजूला जावं तर पळस पेटलेला, साग उघडा, आणि डोंगर आरपार दिसतो. वर्षातले बाकीचे दहा महिने मी बऱ्यापैकी धीट बाई आहे. वर्गात साप निघाला तेव्हा मुलांना बाहेर काढून दार मीच लावलं होतं. पण पानगळीचे हे दोन महिने मी जपून चालते, पानं टाळून, ओट्याच्या कडेकडेनं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी गुहागरजवळच्या एका गावातून इथे प्राथमिक शाळेत नोकरीला आले होते. सव्वीस वर्षांची होते. सरकारी क्वार्टर्समध्ये एक खोली मिळाली होती. भिंतीपलीकडे कमलताई राहायच्या. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या, मूळच्या खानदेशातल्या, चोपड्याकडच्या. वय चाळिशीचं, उंच, हाडं मोठी, आवाज त्याहून मोठा. त्यांचे यजमान खडोलीच्या कारखान्यात सुताच्या मशीनवर होते. रात्रपाळी करून आले की रविवारभर झोपायचे. गावात कमलताईंना कोणी सिस्टर म्हणे, कोणी बेन. त्या लसीकरणासाठी पाड्यापाड्यांवर सायकलनं जायच्या. काळी लेडीज सायकल, मागे कॅरिअरला बांधलेली पेटी, पदर कमरेला खोचलेला.

मला सायकल येत नाही हे कळल्यावर त्यांना इतकं वाईट वाटलं, की जणू मला लिहिता-वाचता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला शाळेच्या मैदानावर शिकवली. सीट मागून धरून त्या धावायच्या आणि मी ओरडायचे. मग एकदा मी ओरडले आणि मागून उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर त्या मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या. मी तिथल्या तिथे पडले. त्या म्हणाल्या, निमू, आता तुला आली. मी दवाखान्यातल्या एका बाईंची जुनी सायकल विकत घेतली, आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपला बेत सांगितला.

बेत असा, की होळीपर्यंत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी लांब जायचं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब. सकाळी उजाडताना निघायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. उशीर झाला तर ती खेप धरायची नाही. जिथवर जाऊ तिथल्या चहावाल्याकडून नाहीतर पोस्टमास्तरकडून एका वहीत सही घ्यायची. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आठवडाभर दुसरे पाठवतील तिकडे जाते. महिन्यातून एक दिवस मी ठरवीन तिकडे जाईन.

त्या हिवाळ्यातल्या गोष्टी आठवू लागले की प्रत्येक जागेची वेगळी भीती वर येते. नरोलीची भीती कुत्र्यांची. तिथे वळणावर तीन कुत्री होती, ती चाकाच्या बरोबरीनं धावत आणि पोटरीकडे बघत. खानवेलला गेलो त्या खेपेला वाटेतल्या मसाटची भीती. कारखान्यांची पाळी सुटलेली, रस्ता भरून माणसं, कोणी काही बोललं नाही तरी शंभर डोळे. मी घातलेला पंजाबी ड्रेस त्या डोळ्यांनी उसवल्यासारखा वाटला. दमणच्या खेपेला वापीच्या रस्त्यावरचे टँकर. टँकर मागून आला की आधी हँडल थरथरतं, मग कान बंद होतात, मग वाऱ्याचा एक धक्का बसतो आणि मग इतका वेळ श्वास धरला होता हे कळतं. कमलताई पुढे असायच्या. त्यांची पाठ ताठ, वेणी उजवीकडून डावीकडे हलणारी. मी त्या वेणीकडे बघत पायडल मारायचे.

आनंद नव्हताच असं कसं म्हणू? दमणला समुद्र दिसला तेव्हा मला रडू आलं. कोकण सोडल्यापासून पहिल्यांदा खारा वारा लागला होता आणि तो मी स्वतःच्या पायांनी गाठला होता. तिथल्या चहावाल्यानं वहीत गुजरातीत सही केली आणि आमच्याकडून चहाचे पैसे घेईना. परत येताना मांड्या दगड झाल्या होत्या. घरी पोहोचलो तेव्हा सूर्य कारखान्यांच्या धुराड्यांमागे अर्धा बुडाला होता. त्या रात्री मी जेवता जेवता झोपले.

पण एक भीती मी कमलताईंना कधी सांगितली नाही. उताराची. चढ मला चालायचा. चढावर माणूस आपल्या ताब्यात असतो. उतार सुरू झाला की सायकल माझी राहायची नाही. पोटात एक पोकळी पडायची आणि तिच्यात मी आतल्या आत पडत राहायचे. म्हणून उतार आला की मी मागे राहायचे आणि कमलताई वळणाआड गेल्या की उतरून चालायचे. खाली त्या वाट बघत असायच्या. मी सांगायचे, चेन पडली होती. नाहीतर चपलेत खडा गेला होता. त्या म्हणायच्या, तुझी चेन फार पडते बाई, दाखवून घे. आणि पुढच्या शनिवारी स्वतःच माझ्या चेनला तेल घालायच्या.

शेवटून दुसरी खेप दुधनीची होती. खानवेलच्या पुढे तेवढंच अंतर, पण रस्ता डोंगरातला. चढ, उतार, पुन्हा चढ. माघ संपत आला होता. रस्त्यावर सागाची पानं इतकी, की डांबर मध्येच दिसायचं. जाताना उतार छोटे होते, मी तीन वेळा चालले. चढावर मात्र मी कमलताईंना मागे टाकलं आणि त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. दुधनीला धरणाचं पाणी डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेलं होतं, हललं नाही तर आरशासारखं. आम्ही काठावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. कमलताई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मला मात्र घास उतरत नव्हता. येताना खानवेल सोडताच जो सगळ्यात मोठा चढ मी दिमाखात चढून आले होते, तोच आता परतीचा उतार होणार होता.

त्या उताराच्या माथ्यावर आम्ही थांबलो. तिथून रस्ता दोनदा वळून खाली जातो. कमलताईंनी विचारलं, पुढे तू होतेस की मी होऊ? मी म्हणाले, तुम्ही व्हा. त्यांनी पदर पुन्हा खोचला आणि गेल्या. पानं उडाली, त्यांच्या चाकांमागे एक रेघ उमटली, आणि त्या पहिल्या वळणाआड गेल्या. मी नेहमीसारखी उतरले आणि हँडल धरून चालू लागले.

पहिल्या वळणाशी पोहोचले आणि आवाज आला. आधी पानांचा, खूप पानं एकदम चुरडल्याचा. मग लोखंडाचा. मग काहीतरी घरंगळत गेलं. मग काही नाही.

मी उभी राहिले. मला तेव्हाचं सगळं आठवतं आणि काहीच आठवत नाही. एक मुंगळा माझ्या हँडलवर चढत होता, तो आठवतो. सायकलवर बसले असते तर मी दोन मिनिटांत खाली पोहोचले असते. सायकल टाकून धावले असते तरी पोहोचले असते. मी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरले होते, सायकलवर बसलेली नसताना, जागच्या जागी उभी असताना. मनात एक शहाणा विचार आला, की मागे पाड्यावर जावं, कोणाला तरी घेऊन यावं. तो विचार फार बरा वाटला. आपण एकटीनं जाऊन काय करणार? असं तो म्हणत होता. मी हाकही मारली नाही. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर मग ते खरं होणार होतं.

मग खालून हाक आली. निमू. स्पष्ट आली. दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती. जिवंत आहेत, असं मनात आलं. पाय सुटायला हवे होते. सुटले नाहीत. मी ओ दिली नाही. घसा आवळला होता असं मी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं, पण मी प्रयत्नच केला नव्हता.

दुसरी हाक आली नाही. मी वाट बघितली. वारा पडला होता. एकही पान हलत नव्हतं. आणि ती शांतता जसजशी लांबली तसतशी माझी खात्री होत गेली, की ती त्यांची शेवटची हाक होती आणि ती ऐकून मी उभी राहिले होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझे पाय चालू लागले. धावले नाही मी. चालत गेले, सायकल धरून, एकेक पाऊल, डोळे समोरच्या चाकावर ठेवून.

दुसऱ्या वळणाच्या खाली, रस्त्यापासून दोन पुरुष खोल, कमलताई पानांत पडल्या होत्या. पानांखाली खडी होती, तिच्यावरून चाक सरकलं होतं. मोळ्या घेऊन चाललेल्या दोन वारली बायका त्यांच्याजवळ बसल्या होत्या. एकीनं आपल्या लुगड्याचं टोक त्यांच्या कपाळाला दाबून धरलं होतं, ते लाल झालं होतं. कमलताईंचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"आलीस?"

मी म्हणाले, "मला ऐकूच आलं नाही. चेन पडली होती."

त्यांनी मान हलवली. मग उजव्या हातानं डाव्या मनगटाची नाडी बघितली, दुसऱ्या कोणाची बघावी तशी. गळ्याजवळचं हाड मोडलंय, म्हणाल्या, आणि बरगड्याही गेल्यात असं वाटतं. श्वास घेताना टोचतं. मला चालत नेऊ नका. खानवेलच्या दवाखान्यातून जीप आण. त्या दोघी बायकांना सायकल येत नव्हती, आणि त्या रस्त्यावर तासाभरात एखादी गाडी आली तर आली. उरलेला सगळा उतार माझ्यापुढे होता.

मी सायकलवर बसले. पुढचं मी कसं केलं ते मला सांगता येत नाही, फक्त कसं वाटलं ते सांगता येतं. पोटातली ती पोकळी तोंडापर्यंत आली. ब्रेकच्या रबराचा जळका वास नाकात बसला. मी दोन्ही पाय पायडलवरून काढून रस्त्याला घासत नेत होते, डाव्या चपलेचा अंगठा तुटला, टाच सोलली. झाडं बाजूनं मागे जात नव्हती, अंगावर येत होती. ओरडायला लागले तर थांबणार नाही हे कळत होतं, म्हणून मी मोठ्यानं माझ्या वर्गाची हजेरी घ्यायला लागले. लाडकी, जमनी, रमेश, देवजी. प्रत्येक नावानंतर मीच हजर म्हणायचे. चौतीस मुलं होती. हजेरी दोनदा झाली आणि तिसऱ्यांदा देवजीपर्यंत आले तेव्हा खानवेलचा पूल दिसला.

जीप गेली, कमलताईंना घेऊन आली. गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या, कपाळाला सात टाके पडले. दीड महिना त्या अंथरुणावर होत्या. त्यांचा स्वयंपाक, वेणीफणी, सगळं मी करत होते. त्यांचे यजमान पाळीवरून आले की माझ्यापुढे हात जोडायचे. तुम्ही होत्या म्हणून, एवढंच म्हणायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कमलताई सांगायच्या, की निमू एकटी खानवेलला गेली, तो उतार, त्या पानांतून, नवी शिकलेली मुलगी. लोक माझ्याकडे बघायचे. मी चहा करायला आत जायचे. उताराची भीती निदान उतार संपला की संपायची. ही भीती चोवीस तासांची होती. त्यांना ताप यायचा तेव्हा त्या झोपेत बडबडायच्या आणि मी दाराशी कान देऊन बसायचे, त्या काय बोलतात ते ऐकायला.

होळीची खेप झालीच नाही. त्या उठून फिरू लागल्या तेव्हा मी परीक्षेच्या पेपरांचं निमित्त केलं आणि सायकल विकून टाकली. पुढे कमलताईंनी मसाटला दोन खोल्या बांधल्या आणि क्वार्टर सोडलं. मी हळूहळू जाणं कमी केलं. चार-पाच वर्षं अशीच गेली.

मग एका माघात त्या आमच्या शाळेत मुलांच्या तपासणीला आल्या. जीभ बघून झाली, नखं बघून झाली, आणि त्यांनी माझ्या वर्गाला ती गोष्ट सांगितली. मुलं माना वर करून ऐकत होती. शेवटी टाळ्या वाजल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मला विचारलं, बाई, तुम्हाला भीती नाही वाटली? चाळीस मुलं आणि कमलताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, नाही.

पुढचा रविवार येईपर्यंत मला झोप लागली नाही. रविवारी सकाळी मी मसाटला गेले. कमलताई मागच्या अंगणात भरताची वांगी भाजत होत्या. माझ्यापुढे पाट सरकवला. त्या वांग्यांची सालं काढत होत्या, बोटं भाजत होती, फुंकर घालत होत्या. मी काही प्रस्तावना करू शकले नाही.

"कमलताई, त्या दिवशी तुमची हाक मला ऐकू आली होती."

त्यांचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "मी तुला पाहत होती. साग सगळा उघडा पडेल होता. तू वरच्या वळणावर उभी, पिवळी ओढणी. सगळं दिसत होतं खालून."

इतकी वर्षं मी जे झाकत होते ते त्यांनी पहिल्या क्षणापासून बघितलं होतं. मला आधी लाज वाटायला हवी होती. पण तोंडून निघालं ते दुसरंच. मी विचारलं, मग तुम्ही एकदाच हाक का मारलीत? पुन्हा का नाही मारली?

"मी हाक मारली अन् तू एक पाऊल मागं गेली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अजून एक हाक मारली तर ही पळून जाईल. मग कोण येईल मला न्यायला? त्या बाया तेव्हा आलेल्या नव्हत्या. म्हणून तोंडात पदर कोंबला अन् गप पडून राहिली. मी पण घाबरेल होती, निमू."

मागे सरकल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. माझ्या अंगानं ते माझ्या नकळत केलं होतं, आणि ते एका मोडलेल्या हाडाच्या बाईनं पानांत पडल्या पडल्या बघितलं होतं. मी त्यांना सांगितलं, की हाक थांबली तेव्हा मला वाटलं तुम्ही गेलात. खाली गेले की मढं दिसणार, असं धरूनच मी उतरत होते.

तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. अर्धं सोललेलं वांगं हातात तसंच राहिलं.

"मी मेली असं वाटलं," त्या म्हणाल्या, "अन् तरी आली?"

मी म्हणाले, हो. पण हळूहळू आले.

त्यांनी ते वांगं सोलून संपवलं. मग मला फळीवरचा मिठाचा डबा काढून द्यायला सांगितला. त्यांचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. आम्ही भरीत आणि भाकरी खाल्ली. शाळेत मुलांना तुम्ही तसं का सांगितलंत, असं मी निघताना विचारलं. त्या म्हणाल्या, खानवेलला तू गेली होतीस की नव्हतीस? ते तर खोटं नाही ना? तेवढंच सांगते मी.

मी पुन्हा सायकलवर बसले नाही, आणि बसेन असं वाटत नाही. त्या एका बोलण्यानं भीती गेली, असंही झालं नाही. पानं पडायला लागली की हात ओले होतातच. पण कमलताई हाड जुळल्यावर पुढच्याच हिवाळ्यात पुन्हा सुरू झाल्या होत्या, हे मला त्या दिवशी मसाटला कळलं. एकट्या जातात. खानवेल, दुधनी, एकदा तर जव्हारच्या रस्त्याला अर्ध्यापर्यंत. आता पन्नाशी जवळ आलीय. मी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. त्यांनी एकच गोष्ट मान्य केली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुठे जाणार ते त्या मला आदल्या दिवशी सांगून ठेवतात.

त्या रविवारी माझ्या हातून काही काम होत नाही. दुपारी तीनपर्यंत मी स्वतःला गुंतवून ठेवते, चारनंतर खिडकी सोडत नाही. रस्त्यावरची प्रत्येक घंटी छातीत वाजते. पाच वाजतात, साडेपाच होतात, उन्हाचा पट्टा भिंतीवरून वर सरकतो, आणि मी मनात पुन्हा त्या वळणावर उभी असते. खानवेलकडून येताना मसाट आधी लागतं. त्यांचं घर रस्त्याला लागून आहे. तिथे उतरून पाय पसरून बसता येईल. पण त्या घरावरून तशाच पुढे येतात, थकलेल्या पायांनी आणखी दोन-तीन मैल, थेट सिल्वाशापर्यंत, आणि माझ्या खिडकीशी येऊन एक पाय टेकवतात. खाली उतरत नाहीत. चेहरा धुळीनं भरलेला असतो. "आली गं," एवढंच म्हणतात. मी ओ देते. मग त्या सायकल वळवतात आणि दिवस बुडायच्या आत घर गाठायला मसाटकडे मागे फिरतात.